तळ कडेनं दिसतो: ऊतकातला, परजीवीतला आणि खडकातला पाया कसा शोधायचा

प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या मुलांना शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न दरवर्षी येतो. "मॅडम, बेसल सेल, बेसमेंट मेम्ब्रेन आणि बेसल बॉडी, सगळं एकच ना?" प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही. शब्दच तसे आहेत. त्यात माझा मामेभाऊ बोअर मारण्याची कामं घेतो, त्याच्या तोंडी आणखी एक असतो: बेसमेंट रॉक. दिवाळीत तो आणि मी बसलो की आमची चर्चा ऐकून घरचे उठून जातात.

पण त्या चर्चेतूनच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो आणि मी एकाच चुकीला वर्षानुवर्षं फसत होतो. आम्ही तळ वरून बघायला जात होतो आणि तळ वरून दिसत नाही. घर पाडताना भिंत उभी कापली गेली की जोतं दिसतं, तसं आहे हे. काप कुठल्या दिशेनं घेतला यावर सगळं अवलंबून असतं. खालची सगळी कृती याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी नावं निस्तरून घेऊ. बेसल सेल म्हणजे त्वचेसारख्या थरातली सर्वांत खालची पेशींची रांग. या जिवंत पेशी असतात. बेसमेंट मेम्ब्रेन म्हणजे त्या पेशी ज्यावर बसतात तो पातळ पडदा. त्यात पेशी नसतात, फक्त प्रथिनं आणि शर्करायुक्त रेणू. मी त्याला आधारपटल म्हणते. बेसल बॉडी हा एका पेशीच्या आतला भाग, शेपटीचं मूळ. आणि बेसमेंट रॉक म्हणजे सगळ्या थरांच्या खालचा जुना, स्फटिकी, कठीण खडक. बेसाल्टचा या 'बेस'शी काही संबंध नाही, नुसतं नावसाधर्म्य. उलट आपल्याकडचा काळा बेसाल्ट हा पाया नसून वरून घातलेला गिलावा आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधारपटल: बोकडाच्या गुर्द्यावर सराव

सरावासाठी माणसाचं ऊतक लागत नाही. खाटकाकडून सकाळी ताजा गुर्दा आणा. दुपारपर्यंत पिशवीत पडलेला चालणार नाही. ऊतक आतून सडायला लागलेलं असतं आणि नळ्यांच्या पेशी सोलून निघतात. धारदार ब्लेडनं ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. चकतीत बाहेरचा आणि आतला असे दोन्ही भाग यायला हवेत. चकत्या लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका. फॉर्मॅलिन ऊतकाच्या किमान दहापट हवं आणि मुक्काम २४ तासांचा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फॉर्मॅलिननं डोळ्यांना पाणी येतं हे वर्गात सांगून कुणाला पटत नाही, एकदा आल्यावर पटतं.

मग नेहमीची प्रक्रिया: अल्कोहोल, झायलीन, मेण, ठोकळा. ठोकळा करताना ऊतक कसं बसवायचं, इथे खरी परीक्षा असते. गुर्दा तसा गरीब स्वभावाचा, कसाही ठेवला तरी त्यातल्या काही नळ्या आडव्या कापल्या जातातच. त्वचा मात्र माफ करत नाही. तिचा तुकडा साच्यात उभा, कडेवर ठेवावा लागतो, म्हणजे कापात वर केराटिन, खाली चरबी आणि मध्ये सगळे थर क्रमानं येतात.

मी नवी असताना त्वचेचा एक छोटा गोल तुकडा सपाट घातला होता. ठोकळा सुबक झाला होता आणि त्याचाच मला आनंद. काप निघाले, रंगवले, आणि भिंगाखाली जाळीच्या पापडासारखं काहीतरी दिसायला लागलं: पेशींच्या चादरीत मधेमधे गोल बेटं. आधारपटल त्या बेटांच्या कडेनं फुगीर, धूसर पट्ट्यासारखं. मी त्यावर "जाड झालेलं दिसतं" असं लिहून मोकळी झाले. वरिष्ठांनी स्लाइड पाहिली, ठोकळा मागवला, वितळवला, उरलेला तुकडा चिमट्यानं उभा केला आणि पुन्हा घातला. दुसऱ्या खेपेला तेच पटल केसाएवढ्या रेषेसारखं दिसलं. पडदा तोच, काप तिरका होता. काकडी तिरकी चिरली की साल रुंद दिसते, तेवढीच गोष्ट.

आता रंग. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांच्या जोडीत आधारपटल आजूबाजूच्या गुलाबीत मिसळून जातं, म्हणून पीएएस (परआयोडिक आम्ल आणि शिफचं द्रावण) वापरायचं. पटलात शर्करा जोडलेली प्रथिनं भरपूर असतात. परआयोडिक आम्ल त्या शर्करेच्या साखळीत अल्डिहाइड गट उघडे करतं आणि बिनरंगी शिफचं द्रावण त्यांना चिकटून किरमिजी होतं.

१. गुर्द्याचे काप ३ मायक्रॉनपेक्षा जाड नकोत. जमलं तर २. पाच मायक्रॉनच्या कापात रेषा एकमेकींवर चढतात.

२. झायलीनमध्ये मेण काढा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणा.

३. १ टक्का परआयोडिक आम्ल, १० मिनिटं. मग ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवा.

४. शिफचं द्रावण, झाकण लावलेल्या बरणीत, १५ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर काप फिकट गुलाबी दिसेल. घाबरू नका.

५. वाहत्या नळाखाली १० मिनिटं. रंग इथे चढतो. ही पायरी घाईत उरकली तर बाकी सगळं फुकट.

६. हिमॅटॉक्सिलिन अगदी हलकं, मिनिटभर. केंद्रकं दिसली की पुरे. गडद झालं तर निळ्यात किरमिजी बुडतो.

७. चढतं अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (काच चिकटवायचा डिंक), वर काच.

शिफच्या बाटलीबद्दल दोन शब्द जास्तच सांगते, कारण बिघाड झाला की दहातल्या आठ वेळा तोच दोषी असतो. बाटली फ्रीजमध्ये, अंधारात. एका शुक्रवारी आमच्याकडे ती ओट्यावर राहिली आणि सोमवारी द्रावणाला गुलाबी झाक आली होती. शनिवार-रविवारच्या उकाड्यात गंधकाचा वायू उडून गेला. तरी आम्ही "अजून चालेल" म्हणत वीस स्लाइड घातल्या आणि वीसच्या वीस रडक्या निघाल्या. खात्री करायची असेल तर थोड्या फॉर्मॅलिनमध्ये शिफचे चार थेंब टाका. लगेच लालसर जांभळा रंग आला तर द्रावण ठीक. रेंगाळत निळसर जांभळा आला तर ओतून द्या. प्रत्येक बॅचसोबत आधी चांगली आलेली गुर्द्याची एक स्लाइड ठेवा, म्हणजे दोष ऊतकाचा की रंगाचा हे भांडण मिटतं.

आता बघायचं कसं. १० च्या भिंगावर गोल गुच्छ शोधा, ते ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नसांचे गुच्छ. भोवती नळ्यांचे गोल काप. ४० वर जा. प्रत्येक नळीच्या बाहेरच्या कडेला पेन्सिलीनं काढल्यासारखी किरमिजी रेषा दिसेल, ते आधारपटल. आता सापळा. काही नळ्यांच्या आतल्या कडेलाही किरमिजी पट्टा असतो. तो आधारपटल नाही, तो पेशींच्या माथ्यावरचा ब्रश बॉर्डर, ब्रशच्या केसांसारखी दाट झालर. तोही पीएएस घेतो. परीक्षेत निम्मा वर्ग इथे गडबडतो. उपाय सोपा: केंद्रक कुठे आहे ते बघा आणि पोकळीपासून दूर, पेशी जिथे बूड टेकते त्या कडेची रेषा धरा. तळ म्हणजे बुडाची कड.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही आणि बहुतेक आधारपटलांची जाडी ५० ते १०० नॅनोमीटर असते. म्हणजे आपण पाहतो ती पीएएसची रेषा नुसतं पटल नसते; त्याखालचा जाळीदार तंतूंचा थरही तिच्यात मिसळलेला असतो. खरं पटल, चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन यांची विणलेली जाळी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच सुटं दिसतं. माणसाच्या ग्लोमेरुलसमधलं पटल मात्र तिनेकशे नॅनोमीटर जाड असतं आणि मधुमेहात ते आणखी जाडावतं. मूत्रपिंडाच्या बायॉप्सीत पीएएस आणि चांदीच्या क्षारांचा रंग नेहमी मागतात ते यासाठी.

आणि कर्करोगात? पेशी विचित्र झाल्यात पण पटल अखंड आहे, तर रोग अजून जागेवर. पटल फोडून पेशी खाली उतरल्या, तर तो पसरायला निघाला. एका रेषेवर रुग्णाचं पुढचं वर्ष ठरतं. म्हणूनच काप तिरका असेल तर मी ती स्लाइड अहवालाच्या वाटेला जाऊ देत नाही. तिरक्या कापात खालची बेटं पटल फोडून उतरल्यासारखी दिसतात आणि ती मुळीच उतरलेली नसतात.

परजीवीच्या शेपटीचं मूळ

इथे थोडक्यात, कारण हाताशी लागणारं कमी आहे. स्वतः परजीवी वाढवायच्या फंदात पडू नका; शिकवण्यासाठी मिळणाऱ्या तयार स्लाइड पुरेशा आहेत. ट्रिपॅनोसोमा आणि लिशमॅनिया या शेपटीवाल्या एकपेशीय परजीवींची एकेक मागवा.

स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, स्वतः रंगवायचा असेल तर पातळ स्मिअर हवेत वाळवा, मिथेनॉलमध्ये २-३ मिनिटं ठेवा, मग ७.२ पीएचच्या बफरमध्ये दहापट पातळ केलेला गिम्सा हा रंग २५ ते ३० मिनिटं. पाण्यानं धुवा, उभी वाळवा, १०० च्या भिंगाखाली तेल घालून बघा. बफर खरोखर ७.२ आहे ना हे तपासा. आम्लधर्मी पाण्यात सगळं गुलाबी होतं आणि केंद्रक ओळखू येत नाही.

ट्रिपॅनोसोमा माशासारखा वळलेला दिसतो. मध्ये मोठं जांभळं केंद्रक. एका टोकाजवळ वेगळा, गडद, बारीक ठिपका. शेपटी त्या ठिपक्याच्या अगदी शेजारून निघते आणि अंगाच्या कडेनं झालर धरून पुढे जाते. मुलं ठिपक्यावर बोट ठेवून म्हणतात, "ही बेसल बॉडी." नाही. तो कायनेटोप्लास्ट, म्हणजे मायटोकाँड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) डीएनएचा गठ्ठा. बेसल बॉडी त्याला खेटून असते, सूक्ष्मनलिकांच्या नऊ तिकड्या गोल रचलेली नळी, पण इतकी बारीक की गिम्सात दिसतच नाही. ठिपका हा तिचा पत्ता. दाराच्या पाटीवरून घर ओळखायचं, तसं. जुन्या पुस्तकांत हे दोन्ही मिळून ब्लेफॅरोप्लास्ट म्हणून मोकळे व्हायचे.

हे शेजारपण योगायोगाचं नाही. दोघं धाग्यांनी जखडलेले असतात, मायटोकाँड्रियाची दोन्ही आवरणं भेदून. पेशी दुभंगताना बेसल बॉडी आधी दोन होतात आणि एकमेकींपासून लांब सरकतात, आणि सरकताना डीएनएचा गठ्ठाही आपापल्या बाजूला ओढून नेतात. डेरिक रॉबिन्सन आणि कीथ गल यांनी १९९१ मध्ये हे दाखवलं. म्हणजे शेपटीचं मूळ केवळ पाया नाही, वाटणी करून देणारा कारभारीही आहे.

ठिपका दिसला नाही तर? लगेच स्लाइडला नावं ठेवू नका. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, ज्याच्यामुळे घोडे, उंट आणि गुरांना सर्रा हा रोग होतो, त्याच्या काही वाणांत कायनेटोप्लास्टचा डीएनए उरलेलाच नसतो. ग्रिफिथ इव्हान्सनं १८८० मध्ये डेरा इस्माइल खानला (आता पाकिस्तानात) तो घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. हा जनावरांचाच आजार असं शंभर वर्षं मानलं गेलं. मग आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तोच सापडला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही माणसातल्या या संसर्गाची जगातली पहिली नीट नोंदलेली केस. त्या माणसाच्या रक्तात एपीओएल-१ हे संरक्षक प्रथिन नव्हतं, असं पुढच्या वर्षी उघड झालं. मलेरियासाठी आलेल्या स्मिअरमध्ये माशासारखं वळलेलं काही दिसलं तर वरिष्ठांना हाक मारा, असं मी म्हणते ते उगाच नाही.

मलेरियाच्या परजीवीतही 'बेसल' नावाची एक रचना आहे, बेसल कॉम्प्लेक्स. ती मात्र वेगळीच. एका पेशीतून अनेक पिल्लं तयार होताना प्रत्येकाच्या बुडाशी एक कडं असतं, ते पिशवीच्या नाडीसारखं आवळत जातं आणि पिल्लू सुटं होतं. हे बघायला चमकणारे रंग आणि महागडा सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून वर्गात मी फळ्यावर काढून दाखवते आणि पुढे जाते.

खडकाचा पाया: कुठे जायचं, काय बघायचं

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या दगडानं, म्हणजे बेसाल्टनं झाकलेला आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पुण्यात किंवा संभाजीनगरात बसून पायाचा खडक बघता येणार नाही. चादरीच्या कडांकडे जायला हवं: सिंधुदुर्ग, दक्षिण कोल्हापूर, नांदेडचा देगलूर-बिलोलीकडचा भाग, आणि पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली. गोव्यात तर पायाच अंगणात आहे; चंद्रनाथच्या डोंगराचा खडक त्याच जातीचा.

घर सोडण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' हे संकेतस्थळ उघडा. आपला तालुका काढा, खडकांचा थर चालू करा आणि दोन रंग जिथे भिडतात तिथली रेषा बघा. त्या रेषेला नदी, ओढा किंवा घाटरस्ता जिथे आडवा कापतो ती जागा तुमची. इथेही तोच नियम, थरांना छेदत जाणारा काप हवा. पठारावर दिवसभर हिंडलात तर पायाखाली जांभा आणि गवत, बाकी शून्य. मामेभावाला हे पटायला दोन सहली लागल्या. तिसऱ्यांदा आम्ही ओढ्यात उतरलो.

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारीत, पाणी उतरलेलं असताना. सोबत दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, हातोडा, उतार मोजता येणारं होकायंत्र, वही आणि पाण्याची एक जादा बाटली. ती पिण्यासाठी नाही. कोरडा खडक सगळा राखाडी दिसतो. पाणी ओतलं की पट्टे उमटतात. खाणीत शिरायचं तर आधी परवानगी घ्या.

पायाचा खडक बहुधा नाइस किंवा ग्रॅनाइट. नाइसमध्ये फिकट आणि गडद पट्टे, कधी सरळ, कधी शेवयांसारखे वळलेले. भिंगाखाली काचेसारखा गारगोटीचा कण, पांढरा किंवा गुलाबी चमकणारा फेल्स्पार, काळ्या अभ्रकाचे पापुद्रे. काळ्या दगडात यातलं काही डोळ्यांना सुटं दिसत नाही, त्याचे कण फार बारीक. त्यात असतात ते बुडबुडे, आणि बुडबुड्यांत भरलेली पांढरी खनिजं.

ओढ्यात नाइस सापडला की प्रवाहाच्या वरच्या बाजूला चालत राहा आणि खडक बदलतो ती जागा शोधा. दक्षिण कोल्हापुरात आणि सिंधुदुर्गात नाइसवर बऱ्याच ठिकाणी कलादगीचा वाळूचा खडक बसलेला आहे. नाव बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून. सांध्यापाशी गुडघे टेका. वरच्या खडकाच्या अगदी बुडाशी गोटे अडकलेले दिसतात का? ते गोटे खालच्या खडकाचे, विशेषतः पांढऱ्या गारगोटीचे असतील, तर खालचा खडक आधी होता, उघडा पडला, झिजला आणि मग त्यावर वाळू साचली, हे नक्की. गोट्यांऐवजी खालच्या खडकाच्या शिरा वरच्यात घुसलेल्या दिसल्या, आणि कडेनं खडक भाजल्यासारखा असेल, तर गोष्ट उलटी: खालचा नंतर, वितळलेला येऊन आत शिरलेला. हा एक फरक कळला तर सहल वसूल.

फसवणारे दोन. एक, वरून घरंगळून आलेला धोंडा. त्याच्या पट्ट्यांची दिशा आजूबाजूच्या खडकाशी जुळते का बघा; धोंडा बहुधा भलतीकडेच तोंड करून बसलेला असतो. दुसरी, जाडी. थर कलता असेल तर सपाट जमिनीवर तो आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. आम्ही थराच्या उताराच्या दिशेनं टेप धरला, गोट्यांच्या थराची रुंदी ३० मीटर भरली आणि भावानं वहीत "जाडी ३०" लिहून टाकलं. होकायंत्रानं उतार १० अंश आला. ३० ला १० अंशांच्या साइननं, म्हणजे ०.१७४ नं गुणलं की सव्वापाच मीटर. माझी त्वचेची स्लाइड आणि त्याचा थर, दोघेही तिरक्या कापानं फुगलेले. तो हसला नाही, पण नंतर तोच किस्सा त्यानं आपल्या माणसांना सांगितला.

जिथे ओढा पायापर्यंत पोहोचत नाही तिथे काप कसा घ्यायचा? यंत्रानं, उभा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या पोटात काय आहे हा प्रश्न लोंबकळतच होता. कोयनेजवळच्या रसाटीला मारलेल्या विवरात (खोल बोअरमध्ये) ९३३ मीटर काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागला, मध्ये गाळाचा थर नाही. पुढे १५२२ मीटरपर्यंत तोच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत मारलेल्या विवरात काळा दगड ३३८ मीटर, मग जेमतेम ८ मीटर गाळ, मग नाइस. रसाटीच्या सांध्यावर बोट ठेवलं तर नखाच्या वरच्या बाजूला ६.६ कोटी वर्षांचा लाव्हा आणि खालच्या बाजूला अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक.

तुमच्या शेतात बोअर चालू असेल तर रॉड बदलताना दर वेळी बाहेर पडलेला मूठभर चुरा घ्या, चहाच्या गाळणीत धुवा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून खोली लिहा. काळ्यातून अचानक गुलाबी-पांढरे, चमचमणारे कण यायला लागले तर ड्रिलरला थांबवून विचारा, आवाज बदलला का. भाऊ म्हणतो, त्याला आधी कानांना कळतं. आणि पिशव्यांवर नुसते आकडे नकोत, प्रत्येकीवर "वर" कडे बाण काढून क्रमानं दोरीला बांधा. आमच्या पहिल्या बोअरच्या पिशव्या मुलांनी खेळायला घेतल्या होत्या. पाया कुठला आणि माथा कुठला, आजतागायत ठरलेलं नाही.